रॉड टाकण्याआधी थांबा : अस्थिरोगतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
जिल्ह्या-तालुक्यात प्रॅक्टिस करणारे अस्थिरोगतज्ज्ञ, आणि त्यांच्यासाठी एक्स-रे व बायोप्सी वाचणारे रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट

सन्माननीय डॉक्टरसाहेब, डॉक्टर मॅडम,

गेल्या महिन्यात आमच्या भागात तुमच्यातल्या काही जणांची दोन दिवसांची परिषद झाली. तिच्या आधी मी आयोजकांना जाऊन भेटले होते. मागणं छोटं होतं. कूर्चेच्या कॅन्सरवर अर्धा तास ठेवा, बोलायला तज्ज्ञ मिळवायची खटपट मी करते. त्यांनी मला बसवलं, चहा दिला आणि गोड शब्दांत सांगितलं, "मॅडम, विषय फार दुर्मिळ आहे. आमच्यातल्या बऱ्याच जणांना आख्ख्या प्रॅक्टिसमध्ये अशी एखादी केस दिसते. उपयोग कोणाला होणार?"

ती एखादी केस माझा दादा आहे. म्हणून हे पत्र. आणि उघड्यावर यासाठी, की बंद पाकिटातून पाठवलेल्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. कूर्चेचा भाग आला की पोरांना नाकाचा शेंडा हलवायला आणि कानाचा वरचा भाग दुमडायला लावते. (खालची पाळी नाही, तिच्यात कूर्चा नसते. दरवर्षी एक तरी पोरगं तिथेच चुकतं.) कूर्चेला कॅन्सर होतो असं मला २०२२ साली कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. तेव्हा 'तुम्हाला कळायलाच हवं होतं' असं म्हणण्याचा मला किती अधिकार आहे, याचा मी पुष्कळ विचार केलाय. माझी तक्रार ओळखता आलं नाही याबद्दल नाहीच. ती कशाबद्दल आहे हे कळायला आधी दादाचं ऐकावं लागेल.

दादा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. दुखणं सुरू झालं तेव्हा वय ४७. उजवी मांडी दुखायची, तीही दिवसा कमी. रात्री आडवा झाला की ठणका. "रातच्याला लई ठणकतंय गं," असं तो फोनवर म्हणायचा आणि मी त्याला बाम लावायला सांगायचे. कमरेची नस दबलीय असं निदान झालं. पट्टा, गोळ्या, पायाला वजनं लावून झोपणं, गावातल्या एकाकडून मालिश, सगळं झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये खुब्याचा एक एक्स-रे निघाला.

ती फिल्म आजही माझ्या कपाटात आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकात, आतल्या पोकळीत, साबुदाणा सांडल्यासारखे पांढरे ठिपके आहेत. नीट निरखलं तर त्यातले बरेचसे ठिपके नसून अर्धवट कंस आणि बारक्या कड्या आहेत. आणि त्याच जागी हाडाची भिंत आतून कुरतडल्यासारखी पातळ झाली आहे. मला तेव्हा यातलं काही दिसत नव्हतं. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी पेनाचं टोक ठेवून दाखवलं, आणि आता ती फिल्म हातात घेतली की मला दुसरं काही दिसतच नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं : 'जुना इन्फार्क्ट असावा. क्लिनिकली कोरिलेट करावे.' इन्फार्क्ट म्हणजे रक्त न पोचल्यानं मेलेला हाडाचा भाग, आणि कोरिलेट म्हणजे पेशंटच्या त्रासाशी ताडून बघणं. ते कुणी करायचं, हे त्या कागदाला ठाऊक नव्हतं. लिहिणाऱ्यांना वाटलं पाठवणारे करतील. पाठवणाऱ्यांनी 'जुना' हा शब्द वाचला आणि कागद पाकिटात गेला.

डिसेंबर २०२३. दादा घराच्या पायरीवरून उतरत होता. पडला नाही, घसरला नाही, नुसता पाय खाली टाकला. वहिनी सांगते, ओलं लाकूड मोडावं तसा आवाज आला आणि तो जागेवर बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. मांडीच्या हाडात वरपासून गुडघ्यापर्यंत रॉड. सरकारी योजनेत बसला, खिशातून काही गेलं नाही, म्हणून आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

तीन महिन्यांत टाक्यांच्या जागी गोळा आला. एमआरआयमध्ये रॉडच्या धातूमुळे निम्मं चित्र काळं-पांढरं फाटलेलं. दुसऱ्या एका ठिकाणी आडवा छेद घेऊन बायोप्सी झाली. रिपोर्ट 'एन्कोंड्रोमा', म्हणजे कूर्चेची साधी, निरुपद्रवी गाठ. आई त्या दिवशी देवाला गेली. महिन्याभरानं तेच तुकडे मुंबईत पुन्हा तपासले गेले. कोंड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कॅन्सर, ग्रेड दोन (तीन पायऱ्यांतली मधली). मे २०२४ मध्ये दादाचा उजवा पाय खुब्याच्या सांध्यापासून काढावा लागला.

पाय का काढावा लागला तेही सांगते, कारण हे पत्र तुमच्याशिवाय इतरही वाचतील. बहुतेक कॅन्सरमध्ये सर्जनचा हात चुकला तर मागे केमो असते, रेडिएशन असतं. नेहमीच्या कोंड्रोसार्कोमाला यातलं जवळपास काहीच लागू पडत नाही. त्याच्या पेशी सावकाश वाढतात, भोवती कूर्चेचा घट्ट गर असतो, रक्तवाहिन्या अगदी थोड्या, त्यामुळे औषध आत पोचत नाही. गल्लीतल्या प्रत्येकानं आम्हाला विचारलं, "केमो का देत नाहीत? पैशाचं काही आहे का?" पैशाचं नव्हतं. इलाज म्हणजे गाठ, तिच्या भोवतीच्या निरोगी थरासकट, न फोडता एका तुकड्यात काढणं. आणि ते नीट करायची खरी संधी पहिल्यांदाच मिळते. दादाच्या हाडातली ती गाठ पोखरून रॉड खाली गेला तेव्हा तिच्यातल्या पेशी हाडाच्या सबंध नळीत आणि वरच्या स्नायूत पसरल्या. त्याआधी वरचा तुकडा काढून तिथे धातूचं हाड आणि सांधा बसवून पाय राखता आला असता का, असं मी मुंबईत विचारलं. "खात्री देता आली नसती, कारण हाड मोडलेलं होतं. पण प्रयत्न नक्की केला असता," असं उत्तर मिळालं. त्या 'नक्की'वर मी अजून अडकलेली आहे.

तर माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी. पन्नाशीही न गाठलेल्या धडधाकट माणसाचं, शरीरातलं सगळ्यात दणकट हाड, पायरी उतरताना मोडतं. ते का मोडलं, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. कसं जोडायचं एवढाच विचार झाला. त्या वयात असं हाड मोडलं तर आत काहीतरी आहे असं धरून चालायचं असतं, हे मला आता कळलंय. तुम्हाला ते एमएसच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. आणि इथेच 'विषय दुर्मिळ आहे' हे उत्तर मला पटत नाही. कोंड्रोसार्कोमा दुर्मिळ आहे, मान्य. हाडातच सुरू होणारे सगळे कॅन्सर मिळूनसुद्धा एकूण कॅन्सरमध्ये शंभरात एक भरत नाहीत. पण चाळिशीनंतर हाड पोखरलेलं दिसलं तर बहुतेक वेळा ते दुसरीकडून पसरलेला कॅन्सर किंवा मायलोमा (अस्थिमज्जेतला रक्ताचा कॅन्सर) असतो, आणि ते तुमच्या ओपीडीत काही दुर्मिळ नाहीत. रॉडच्या आधी थांबून बघायची सवय त्या सगळ्यांच्या उपयोगाची आहे. आमच्यासारख्या एखाद्याचा पाय त्यात वाचून जाईल, इतकंच.

घाई कशाची होती, हेही कळलेलं नाही. पायाला वजन लावून किंवा पट्टीत बांधून माणूस चार दिवस झोपू शकतो. सर्जननी नंतर प्रामाणिकपणे सांगितलं की एमआरआयचा खर्च आम्हाला पेलणार नाही असं त्यांना वाटलं. माणूस वाईट नाही. पण आमची ऐपत आम्हाला न विचारता ठरली. आईच्या पाटल्या होत्या घरात.

दुसरी तक्रार. त्याच सर्जननी सांगितलं की हाड पोखरताना "आत जरा जेलीसारखं, निळसर पांढरं लागलं होतं." ते कुठे गेलं? बादलीत. मोडलेल्या हाडात साकळलेलं रक्त असतं, ते निळसर पांढरं आणि पारदर्शक नसतं. ते दहा ग्रॅम फॉर्मॅलिनच्या (तुकडे टिकवायच्या द्रावाच्या) बाटलीत घालून लॅबला गेलं असतं तर पाय वाचला नसता कदाचित, पण चार महिने वाचले असते.

तिसरी बायोप्सीबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. कूर्चेच्या गाठी ओळखणं खरोखर अवघड असतं. साधी गाठ आणि पहिल्या ग्रेडचा कॅन्सर यांत फरक करताना नावाजलेल्या तज्ज्ञांचंही एकमत होत नाही. मोठमोठ्या पॅथॉलॉजिस्टांना आणि रेडिओलॉजिस्टांना एकच केस वाचायला देऊन हे तपासलं गेलंय, तो अभ्यास २००७ मध्ये छापून आलाय. बोटाच्या हाडात सूक्ष्मदर्शकाखाली जे चित्र निरुपद्रवी धरलं जातं, तेच कटीच्या हाडात सापडलं तर कॅन्सर ठरू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात तर एकाच प्रकारच्या गाठीला हातापायाच्या लांब हाडात 'अटिपिकल कार्टिलेजिनस ट्यूमर' (वेगळ्या वळणाची कूर्चेची गाठ) म्हणतात आणि कटीत, खांद्याच्या फऱ्यात किंवा कवटीच्या तळाशी ग्रेड एक कोंड्रोसार्कोमा. म्हणजे नुसता तुकडा बघून उत्तर मिळत नाही. गाठ कुठे आहे, केवढी आहे, दुखते का, हाडाची भिंत कितपत खाल्लीय, गाठ हाडाबाहेर आलीय का, हे सगळं समोर लागतं. भिंतीची दोन तृतीयांशाहून जास्त जाडी आतून खाल्ली गेली असेल तर संशय बळावतो, असं मला शिकवलं गेलं. दादाच्या २०२२ च्या फिल्ममध्ये ती तेवढी खाल्लेली होती.

आणि पॅथॉलॉजिस्टकडे काय गेलं? एक बाटली आणि एक चिठ्ठी : 'उजवी मांडी, गाठ.' एक्स-रे नाही, एमआरआय नाही, रात्रीचं दुखणं नाही, मोडलेलं हाड नाही. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. पॅथॉलॉजिस्ट साहेब, तुम्हाला दोष देताना माझी जीभ अडखळते. पण एक फोन करून "फिल्म पाठवा, त्याशिवाय रिपोर्ट देत नाही," असं तुम्ही म्हणू शकत होता.

छेदही चुकीच्या जागी होता. आडवा, आणि पुढच्या ऑपरेशनच्या वाटेत न बसणारा. बायोप्सीची सगळी वाट नंतर गाठीबरोबर काढून टाकावी लागते, म्हणून ती कुठून करायची हे पुढचं ऑपरेशन करणाऱ्यानं ठरवायचं असतं. ही काही माझी शोधलेली गोष्ट नाही. अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. हेन्री मॅनकिन यांनी १९८२ मध्ये हाडांच्या आणि मऊ भागांच्या गाठींच्या बायोप्सीत होणाऱ्या चुका मोजल्या आणि १९९६ मध्ये पुन्हा मोजल्या. दुसऱ्या खेपेला ५९७ रुग्ण होते. निदानाच्या चुका १७.८ टक्के. १८ जणांचा हात किंवा पाय केवळ बायोप्सीतल्या गोंधळामुळे कापावा लागला. जिथे उपचार होणार तिथे बायोप्सी न करता आधीच्या ठिकाणी केली, तर गडबडी दोन ते बारा पट. आणि मधल्या १४ वर्षांत सुधारणा जवळजवळ शून्य. हे वाचलं तेव्हा मला थोडं हायसं वाटलं, हे कबूल करते. परभणीचंच नशीब फुटकं नव्हतं.

चौथी तक्रार ब्लॉकची. मुंबईहून फोन आला, "स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या." ब्लॉक म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मेणाच्या छोट्या वडीत पेशंटचा तुकडा पुरलेला असतो, तिला ब्लॉक म्हणतात. तो आमचा असतो, हे कळायला मला चार चकरा माराव्या लागल्या. एकदा साहेब नव्हते, एकदा किल्ली नव्हती, एकदा अर्जावर सही कुणाची लागते यावर वाद. सतरा दिवस गेले. शेवटी एप्रिलच्या उन्हात चार ब्लॉक मिळाले, कागदात गुंडाळून. मेण वितळेल या भीतीनं मी ते स्टीलच्या डब्यात घातले, डब्याला ओला पंचा गुंडाळला आणि देवगिरी एक्सप्रेसमध्ये रात्रभर मांडीवर घेऊन बसले. मेण साधारण ५६ अंशांवर वितळतं हे मी पोरांना शिकवते. तरी दर स्टेशनला डबा उघडून बघत होते. समोरच्या बाईंनी विचारलं, "लेकीकडे चाललात का? काय नेताय?"

बाकीच्या लहानसहान गोष्टी सोडून देते. सीडी चालत नव्हती, डिस्चार्ज कार्डावर डाव्या पायाचं ऑपरेशन लिहिलं होतं, वगैरे. पत्र लांबतंय.

एक गोष्ट इतर वाचणाऱ्यांसाठी. घाबरून उद्या सगळे मांडीचे एक्स-रे काढायला धावू नका. हाडातल्या कूर्चेच्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, दुसऱ्याच कारणानं काढलेल्या एक्स-रेत अवचित सापडतात आणि डॉक्टर त्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवतात. पण आधी न दुखणारी गाठ दुखायला लागली, विश्रांतीतही ठणकायला लागली, किंवा लहानपणापासून असलेलं हाडाचं टेंगूळ मोठेपणी वाढायला लागलं, तर बाम बाजूला ठेवा. मोठ्या माणसाच्या टेंगळावरचा कूर्चेचा थर दोन सेंटिमीटरपेक्षा जाड झाला असेल तर डॉक्टर त्याला संशयास्पद धरतात. अंगावर अशी टेंगळं बरीच असतील किंवा घराण्यात असतील, तर दाखवत राहा. माझ्या वर्गात असा एक मुलगा आहे. मी त्याच्या वडिलांना दोनदा बोलावून घेतलंय.

डॉक्टरसाहेब, मागण्या या आहेत.

किरकोळ कारणानं हाड मोडलेला मोठा माणूस आला तर रॉड किंवा प्लेट टाकण्याआधी सबंध हाडाचा दोन बाजूंनी एक्स-रे आणि एमआरआय करा. जुने एक्स-रे घरून मागवा. आत काही दिसलं तर छातीचा सीटी आणि रक्ताच्या तपासण्या होईपर्यंत आणि बायोप्सीचा निकाल येईपर्यंत हाड नुसतं आधाराला बांधून ठेवा. परवडेल की नाही ते आम्हाला विचारा. शंका आहे हे शब्दांत सांगा. आम्ही घाबरू, पण ऐकू.

हाडातून जे काही निघेल ते, नेहमीचं वाटलं तरी, लॅबला पाठवा. सोबत फिल्म आणि दोन ओळी इतिहास.

हाडातली गाठ संशयास्पद असेल तर स्वतः बायोप्सी करू नका. आधी ज्यांच्याकडे पुढचं ऑपरेशन होईल त्यांना फोन करा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये हाडांच्या गाठींचा स्वतंत्र विभाग आहे. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, देशभरातली कॅन्सर हॉस्पिटलं त्यात जोडलेली आहेत. फिल्मचे फोटो आज मोबाइलवरून मिनिटात जातात. आम्हाला मुंबईला पाठवलंत म्हणून गावात कुणी तुम्हाला कमी लेखणार नाही. दादाच्या सर्जनना मी हेच सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

रेडिओलॉजिस्ट साहेब, एक्स-रेत असं काही दिसलं तर 'क्लिनिकली कोरिलेट करावे' लिहून थांबू नका. पाठवणाऱ्या डॉक्टरला फोन लावा, आणि फोन लावल्याचं रिपोर्टमध्ये लिहा.

स्लाइड, ब्लॉक आणि सीडी मागितल्या दिवशी द्या.

आणि तो अर्धा तास. पुढच्या वर्षीच्या परिषदेत तो ठेवा. भाषण मी करणार नाही, तज्ज्ञच करतील. दादा यायला तयार आहे. डेपोत त्याला आता बसून करायचं काम आहे, तो कुबड्यांवर चालतो, दर काही महिन्यांनी छातीचा सीटी करायला मुंबईला जातो आणि आतापर्यंतचे सगळे स्वच्छ आलेत. "मी कशाला बोलू? मी नुसता बसतो पुढं," असं तो म्हणाला. २०२२ ची फिल्म मी घेऊन येईन. ती लावायला एक व्ह्यू बॉक्स, फिल्म बघायची दिव्याची पेटी, तेवढी तयार ठेवा.

आपली नम्र,
एका रुग्णाची बहीण,
जि. परभणी